अग्रशाळेला हंगाम नसतो

नाताळ जवळ आला की गोव्यातील देवस्थानांच्या कचेऱ्यांतून, आणि त्याहूनही अधिक मुंबई-पुण्याच्या आपल्या बैठकांतून, एक वाद हमखास डोके वर काढतो. अग्रशाळा कोणाच्या? ज्या महाजनांच्या पूर्वजांनी त्या बांधल्या त्यांच्या, की रात्री दारात सामान ठेवून उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाच्या? या वादात दोन पक्ष आहेत, आणि दोघेही स्वतःला देवस्थानाचे हितचिंतक म्हणवितात. एक म्हणतो, अग्रशाळेची दारे परक्यांना बंद करा; देव आपला, जागा आपली, तेव्हा खोल्याही आपल्याच. दुसरा म्हणतो, दारे बंद कशाला करता, दर वाढवा. डिसेंबरच्या अखेरीस समुद्रकाठची खोली ज्या भावाने जाते त्याच्या निम्म्या भावाने जरी आपली खोली गेली तरी शिखराच्या रंगकामाचा खर्च निघेल. हे दोन पक्ष परस्परांशी कितीही कडाकडा भांडोत, दोघांनाही अग्रशाळा म्हणजे एक मिळकत वाटते. पहिल्याला ती वाडवडिलांची मिळकत वाटते, दुसऱ्याला उत्पन्नाची. माझे भांडण या एका शब्दाशी आहे, आणि म्हणून दोन्ही पक्षांशी आहे.

मी राहतो बुऱ्हाणपुरास, तापीच्या काठी. तेथे बसून फोंड्याच्या अग्रशाळेवर लिहिण्याचा या गृहस्थाला अधिकार काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर सोपे आहे. अग्रशाळेची खरी गरज आम्हालाच. जो महाजन पणजीस किंवा मडगावास राहतो तो पूजा आटोपून रात्री आपल्या घरी जातो. जो मुंबईस राहतो त्याचे एखादे चुलतघर, एखादी बहीण, नाही तर स्वतःची बंद ठेवलेली सदनिका गोव्यात असते. परंतु उदगीरच्या १७६० च्या तहानंतर बुऱ्हाणपूर-असीरगड मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांचा अंमल बसला, आणि जिवबादादा केरकरांसारखे आपल्यातले पुरुष महादजींच्या फौजेत मोठ्या पदास चढले, त्या काळात लेखणी किंवा तलवार घेऊन माळव्या-खानदेशात उतरलेल्या घराण्यांना गोव्यात आज देवाखेरीज कोणी उरलेले नाही. घर नाही, शेत नाही, ओळखीचा माणूस नाही; एक कुळदेवता आहे आणि तिच्या अंगणात एक अग्रशाळा आहे. आमच्यासारखे कुळावी कानडा जिल्ह्यांत आहेत, कोचीनला आहेत, इंदूर-ग्वाल्हेरला आहेत. त्यांना भुसावळवरून किंवा मंगळूरवरून गाडी पकडून यावयाचे, तर मुलांच्या शाळेला सुट्टी आणि स्वतःला रजा हे दोन्ही ज्या आठवड्यात जुळते त्याच आठवड्यात यावे लागते. तो आठवडा नाताळचा असतो, नाही तर दिवाळीचा. ‘हंगाम टाळून या’ असा शहाणपणाचा सल्ला देणारे भेटतात. हा सल्ला ज्याची रजा ज्याच्या स्वतःच्या हातात आहे त्याने ज्याची रजा साहेबाच्या हातात आहे त्याला दिलेला असतो.

हंगामात काय होते ते वाचकांना ठाऊक आहे, तरी एकदा सरळ मांडून ठेवतो. वीस डिसेंबरपासून नव्या वर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेपर्यंत कळंगुट, बागा, कांदोळी या किनारपट्टीत खोल्या तेवढ्याच राहतात आणि माणसे मात्र कित्येक पटींनी वाढतात. पूर्वी खोलीचा भाव निदान महिनाभर तरी एक असे. आता मोबाइलवर तो सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ‘निदान तीन रात्री राहावे लागेल’ अशी अट वर. मग साध्या मिळकतीचा माणूस किनारा सोडून आत सरकतो. पणजी महाग, म्हापसा भरलेले, म्हणून तो फोंड्याकडे वळतो, आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी या पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात त्याला देवळाच्या आवारातली स्वच्छ, स्वस्त, पाण्याची सोय असलेली खोली दिसते. त्यात काही कुळावी असतात, काही नुसते भाविक असतात, आणि काही, हे कबूलच केले पाहिजे, केवळ स्वस्त खोलीचे गिऱ्हाईक असतात. या तिघांची गर्दी एकाच व्यवस्थापकाच्या एकाच टेबलापुढे होते. वाद तेथे जन्मतो.

दरवाढवाद्यांचा समाचार आधी घेऊ, कारण तो पक्ष तरुण आहे, हिशेबात हुशार आहे आणि दर वर्षी वाढतो आहे. त्यांचा युक्तिवाद असा की बाजारभाव हाच न्याय्य भाव. हॉटेलवाला जो दर घेतो तो लोक देतात, म्हणून तो योग्य. मग देवस्थानानेच का मागे राहावे? मी हॉटेलवाल्याला शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. त्याने बँकेचे कर्ज काढलेले असते, नोकर बारमाही पोसलेले असतात, परवाने काढलेले असतात. जून ते सप्टेंबर पावसाने त्याच्या खोल्या रिकाम्या पडतात आणि त्या चार महिन्यांची भरपाई तो या दोन आठवड्यांत करतो. त्याचा हंगामी दर कोणाला रुचो न रुचो, त्याला हिशेबाचा आधार आहे. देवस्थानाला यांतला कोणता आधार आहे? जमीन दानाची, इमारत देणगीची, कर्ज नाही, भागीदार नाही, नफा वाटून घ्यावयाचा नाही. पावसाळ्यात खोली रिकामी राहिली तर कोणाचे काय बुडाले? ज्याने आपल्या आईच्या स्मरणार्थ एक खोली बांधून दिली आणि दारावर संगमरवरी पाटी लावली, त्याने ती पाटी ‘नाताळात तिप्पट दर’ या अटीवर लावलेली नव्हती. देणगीदाराच्या हेतूशी इतकी उघड विसंगत गोष्ट खाजगी न्यासात झाली असती तर आम्ही वकील मंडळी तिला न्यासभंग म्हणण्यास क्षणभर कचरलो नसतो.

येथे मला माझ्या गावाविषयी थोडे बोलावयाचे आहे, आणि ते विषयांतर नाही. बुऱ्हाणपूर हे एके काळी हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरण्याचे दार होते. सुरतेहून आग्र्यास जाणारा व्यापारी, दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेला सरदार, सारे येथे मुक्काम करीत. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीस अजमेराकडे जाताना या शहरी आला. कोतवालाने त्याला सराईत नेऊन उतरविले. दर्शनी भाग दगडी आणि देखणा, पण आत त्याच्या वाट्याला भिंतीला लागून असलेल्या विटांच्या चार घुमटाकार कोठड्या आल्या. त्या त्याला भट्ट्यांसारख्या वाटल्या आणि आकारानेही भट्टीएवढ्याच, असे त्याने आपल्या रोजनिशीत चिडून लिहून ठेविले आहे. शेवटी त्याने आपले तंबू जवळ केले. हा प्रसंग सांगून आमच्या गावची फजिती करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात उलट फार मोठी गोष्ट दिसते. परराष्ट्राचा राजदूत आला म्हणून त्या सराईत वेगळी खोली निघाली नाही. लवंगा-मिरी घेऊन आलेल्या फिरत्या व्यापाऱ्याला जी कोठडी, तीच राजाच्या वकिलाला. मान म्हणून चार मिळाल्या इतकेच. पुढे खानखानान अब्दुल रहीम सुभेदार असतानाच्या काळात येथे अकबरी सराई उभी राहिली, ती आजही आहे. चौकाभोवती ओळीने एकसारख्या लहान खोल्या, वर कमान, पुढे ओटा. एकही खोली दुसरीपेक्षा मोठी करण्याची बुद्धी त्या बांधणाऱ्यांना झाली नाही. आपल्या अग्रशाळांची जुनी बांधणी पाहा, तीही अशीच आहे: देवळाभोवती फिरणारी एकसारख्या खोल्यांची ओळ. वातानुकूलित, अर्धवातानुकूलित, ‘विशेष अतिथी’ हे भेद नव्या मजल्यांबरोबर आले. रो साहेबाजवळ निदान तंबू होते. बुऱ्हाणपूरच्या कारकुनाने कुटुंबासह देवीच्या अंगणात यावे आणि ‘साध्या खोल्या संपल्या, विशेष शिल्लक आहेत’ हे ऐकावे, तेव्हा त्याने काय उभारावे?

सराईवरून आठवले. इंग्रज सरकारने १८६७ साली सराईंसाठी एक कायदा केला. राज्यकर्ते परके होते, त्यांना धर्मशाळेचे पुण्य ठाऊक नव्हते; त्यांच्या डोळ्यांपुढे पटकी, चोर आणि वाटसरूंची लूट एवढेच होते. तरीही त्या लहानशा कायद्यात सराई चालविणाऱ्याची जी कर्तव्ये घालून दिली ती वाचण्यासारखी आहेत: खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या, विहिरी स्वच्छ ठेवणे, भिंतीवर झुकलेल्या ज्या फांद्यांवरून चोर आत येईल त्या तोडणे, राखणदार नेमणे, आणि मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी, सांगेल त्या भाषांत दरांचे पत्रक लावून ठेवणे. दीडशे वर्षांपूर्वी विदेशी सरकारला जे सुचले ते आपल्या कितीक देवस्थानांना आजही सुचलेले नाही. दर किती, हे टेबलापाशी गेल्याखेरीज कळत नाही, आणि टेबलापाशी गेल्यावर आपल्या कपड्यांकडे पाहून सांगितला जातो की काय असा संशय येतो. ज्या दराचा फलक लागत नाही तो दर हंगामी असो की बारमाही, त्याला मी दर म्हणणार नाही.

आता दारे बंद करणारा पक्ष. हा पक्ष वयाने वडील आहे, त्याच्या बोलण्यात खरा जिव्हाळा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताना जीभ जड होते. त्यांना विचारावेसे वाटते की, काका, आपला देव या अंगणात कसा आला? मंगेश मूळचा कुशस्थळीचा. १५६० मध्ये तेथून त्याला प्रियोळास आणले. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्यास आली. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळास. रामनाथ लोटलीचा, तो बांदिवड्यास. साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी रातोरात लिंगे आणि मूर्ती उचलल्या, नद्या ओलांडल्या आणि अंत्रुज महालात पाय ठेविला. तो महाल त्या वेळी आपला नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा मुलूख होता, तेथील गावकर दुसरे होते, आणि आपण त्यांच्या दारात देवासकट उभे राहिलेले उपरे होतो. ज्यांना तेथेही थारा मिळाला नाही ते कानड्यात, कालिकतास, कोचीनास गेले. तेथेही परक्या राजांनी जागा दिली. त्या दिवशी कोणी आपल्याला कूळ-गोत्र विचारून, ‘आमच्या महाजनांपुरत्याच खोल्या आहेत’ असे म्हटले असते तर आज वाद घालावयास ना देऊळ असते ना आपण. ज्या समाजाची दैवतेच साडेचारशे वर्षे पाहुणी म्हणून राहिली, त्या समाजाने पाहुण्याला परके म्हणणे मला तरी जमत नाही. कोणी काही दिले की ‘देव बरें करूं’ म्हणणारी आपली भाषा आहे. ती अग्रशाळेच्या टेबलावर येऊन ‘आपण कोणापैकी?’ असे का विचारू लागते?

इतिहास भावनेचा विषय म्हणून सोडून द्यावयाचा असेल तर कायद्याकडे येऊ. संविधानाच्या २६व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्मविषयक बाबींचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि गोव्यातील देवस्थाने तर पोर्तुगीज अमलातील १९३३ च्या माझानी नियमावलीखाली महाजनांच्याच हाती आहेत, हा त्या पक्षाचा भक्कम बुरूज. परंतु याच हक्काचा निकाल आपल्याच एका देवळाच्या खटल्यात लागलेला आहे, हे ते विसरतात. मुल्कीचे श्रीवेंकटरमण मंदिर गौड सारस्वतांचे. मद्रास सरकारच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याविरुद्ध तेथील विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ८ नोव्हेंबर १९५७ रोजी निकाल आला. न्यायालयाने मंदिर सांप्रदायिक आहे हे मान्य केले, म्हणजे आपला दावा निम्मा मंजूर केला. पण ते सार्वजनिक स्वरूपाचे असल्यामुळे सर्व हिंदूंना प्रवेशाचा हक्क आहे आणि २५व्या अनुच्छेदातील ती तरतूद २६व्याच्या वर आहे असे ठरविले. त्याच वेळी काही विशेष विधींच्या प्रसंगी केवळ त्या समाजाच्या मंडळींनीच उपस्थित राहावे, ही वहिवाट राखून ठेविली. हा निकाल प्रवेशाविषयी आहे, मुक्कामाविषयी नाही, हे मला कळते. कोर्टात तो मी अग्रशाळेच्या खोलीसाठी दाखल करणार नाही. पण त्यातली तडजोड किती शहाणी आहे पाहा. नित्य सर्वांसाठी, नैमित्तिक आपल्यासाठी. जत्रेचे दिवस, देवीची पंचमी, पालखी, कुळाचाराचे प्रसंग, यांसाठी खोल्या कुळाव्यांना राखून ठेवा, कोणी हरकत घेणार नाही. उरलेल्या दिवसांत अग्रशाळेला वर्षभर एकच दार असू द्या.

आणखी एक गोष्ट. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचा जो कायदा १९५५ साली झाला आणि १९७६ मध्ये ज्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, त्याच्या चौथ्या कलमात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द नावानिशी आले आहेत. कूळ विचारण्याचा प्रश्न वरवर कितीही सोज्वळ वाटो, त्याच्या पाठीमागे ‘नाही’ उभे असेल आणि त्या ‘नाही’चे खरे कारण ते असेल, तर तो प्रश्न विचारणारा या कलमाच्या अगदी कडेला जाऊन उभा राहतो. व्यवस्थापकाला हे कोणी सांगितलेले नसते. तो बिचारा समितीचा हुकूम पाळतो.

कराच्या बाजूने पाहिले तर दोन्ही पक्षांची आणखीच पंचाईत होते. १८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांच्या आतील हॉटेलच्या खोलीवरही वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हा अमृतसरच्या सराईंवरून गदारोळ उठला, आणि ऑगस्टमध्ये केंद्रीय मंडळाने खुलासा केला की धार्मिक व धर्मादाय न्यासांच्या खोल्यांना दिवसाला हजाराच्या आतील भाड्यापर्यंत जी सूट आहे ती कायम आहे. ही सूट ज्या नोंदीत आहे तिचे शब्द नीट वाचावेत: सर्वसामान्य जनतेसाठी असलेल्या धार्मिक स्थळाचा परिसर. म्हणजे ही सूट घेणारी संस्था सरकारपुढे सांगते की आम्ही सर्वांसाठी आहोत. तीच संस्था रात्री नऊ वाजता दारात आलेल्या वाटसरूला सांगणार की आम्ही आमच्यापुरते आहोत! एकाच तोंडाने दोन जबान्या देणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी कशी होते हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांना केवळ आपल्या समाजापुरती सोय ठेवावयाची आहे त्यांनी ती खुशाल ठेवावी. आमच्या बुऱ्हाणपुरातच दर्गा-ए-हकीमी आहे. देशोदेशींचे बोहरा भाविक तेथे येतात आणि त्यांच्या समाजाने त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय अत्यंत टापटिपीने ठेवली आहे. ती समाजाची सोय आहे आणि समाज तिचा खर्च उचलतो. त्यात लपवाछपवी नाही. आपल्याला मात्र जनतेची सूट हवी, जनतेची देणगी हवी, जनतेच्या रस्त्यावरून येणारी बस अंगणापर्यंत हवी, आणि खोली तेवढी खाजगी हवी.

दरवाढवाद्यांची तऱ्हा याहून निराळी. एका विश्वस्ताने (गाव सांगत नाही, ते गोव्यात नाही) मला सल्ला विचारला होता की खोलीचे भाडे नऊशे नव्याण्णव ठेवावे आणि वर दोन हजारांची ‘ऐच्छिक देणगी’ खोलीची किल्ली देण्यापूर्वी घ्यावी, तर चालेल काय? मी म्हटले, किल्ली दिल्यानंतर घेऊन पाहा. किती जण देतात त्यावरून ती ऐच्छिक आहे की नाही ते कळेल. त्यानंतर त्यांनी दुसरा वकील गाठला असावा.

आता ज्या आक्षेपाला खरोखर उत्तर द्यावे लागते त्याकडे येतो. अर्थशास्त्र जाणणारे एक स्नेही म्हणतात: भाव कमी ठेवलास तर मागणी कमी होत नाही, ती रांगेत जाते. आणि आपल्याकडे रांग म्हणजे वशिला. पैशाने नाही तर ओळखीने, कोणत्या तरी चलनात खोलीची किंमत मोजावीच लागणार. श्रीमंताला हुसकून तू ओळखीवाल्याला आत घेणार, गरीब बाहेरच राहणार. हे म्हणणे खरे आहे, आणि आजची स्थिती पुष्कळ अंशी अशीच आहे. मुंबईहून एखाद्या बड्या महाजनाचा दूरध्वनी येतो, ‘आमच्या ऑफिसातले चार जण येताहेत, सोय करा’, आणि चार खोल्या आठ दिवस अडकून पडतात. ते चार जण देवळात किती वेळा येतात हे पुजाऱ्याला विचारावे. प्रवासी कंपन्या हंगामापूर्वीच कोणा सभासदाच्या नावावर खोल्या धरून ठेवतात. लग्नाचे वऱ्हाड तर अख्खा मजला घेते. म्हणजे दारे बंद करणारा पक्ष ज्या ‘परक्यां’विरुद्ध ओरडतो त्यांतले निम्मे कोणा आपल्याच माणसाच्या शब्दावर आत आलेले असतात, आणि ज्याच्याजवळ शब्द टाकावयास कोणी नाही तो कुळावी बाहेर ओट्यावर पोरे निजवतो.

यावर उपाय भाव वाढविणे हा नाही, वशिल्याला जागाच न ठेवणे हा आहे, आणि तो तितकासा कठीणही नाही. निम्म्या खोल्या आगाऊ नोंदणीने द्याव्यात. नोंदवही उघडी असावी, ज्याला हवी त्याने पाहावी. उरलेल्या निम्म्या कोणत्याही परिस्थितीत आधी न देता त्या दिवशी दारात येणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, कारण लांबून येणाऱ्याची गाडी उशिरा पोहोचते आणि त्याला मोबाइलवरून चटकन नोंदणी करण्याची कला साधलेली असतेच असे नाही. कोणासही तीन रात्रींहून अधिक मुक्काम नको, महाजनासही नको. कंपनीच्या नावावर एकही खोली नको. लग्नासाठी हंगामाचे दोन आठवडे बंद. खोली ज्याच्या नावावर त्यानेच राहावे. पत्र किंवा दूरध्वनी आला तर तो नोंदवहीत लिहून ठेवावा, कोणाचा आला, कोणासाठी आला. एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे दूरध्वनी बंद होतील असे मला अनुभवाने वाटते. गोव्यात मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. एखाद्या वेळी तो ही वही मागू शकेल एवढ्या जाणिवेनेच तिच्यातील शाई जपून पडू लागेल.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी शेगाव पाहून यावे. बुऱ्हाणपूरहून भुसावळमार्गे तेथे सहज जाता येते आणि आम्ही जातो. श्रीगजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात साध्या माणसाला परवडणाऱ्या दरात खोली मिळते, फरशी लखलखीत असते, सेवेकरी नम्र असतात, आणि आपण कोण, कोठले, कोणापैकी, हे विचारण्याचे त्यांना कारण पडत नाही. एवढ्या प्रचंड गर्दीत त्यांना जे साधते ते आपल्या पाच-पन्नास खोल्यांत साधू नये, हे केवळ इच्छेच्या अभावामुळे. शीखांच्या गुरुद्वारांचे उदाहरण तर सर्वतोमुखी आहे. आमच्याकडे गुरु गोविंदसिंह १७०८ साली दक्षिणेकडे जाताना मुक्कामास होते, त्या जागी गुरुद्वारा बडी संगत आहे. वाटसरूच्या मुक्कामाची किंमत काय असते हे ज्यांच्या गुरूंनी स्वतः वाटेवर राहून जाणले, त्यांच्या संस्थांना ते वेगळे शिकवावे लागत नाही.

राहिला वर्तनाचा प्रश्न. ‘हे लोक दिवसभर समुद्रावर असतात, रात्री दारू पिऊन येतात, आवारात चपला घालून फिरतात.’ यात अतिशयोक्ती आहे, पण सत्यही आहे, आणि या मुद्द्यावर मी पहिल्या पक्षाच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा आहे. देवळाचे अंगण हे अंगणच राहिले पाहिजे. दारू नको, मांस-मासळी नको, रात्री दहाला दार बंद, गोंगाट केला तर सकाळी खोली रिकामी आणि अनामत जप्त. हे नियम कडक असावेत आणि ते पाळण्यासाठी राखणदार असावा. मात्र ते वर्तनाचे नियम असावेत, जन्माचे नसावेत. आणि ते महाजनाच्या चिरंजीवांनाही लागू असावेत, कारण मध्यरात्री फाटक ठोठावणाऱ्यांत तेही असतात असे ऐकतो. माणूस पर्यटक म्हणून येतो म्हणून त्याच्यावर आधीच संशय धरणे बरे नव्हे. स्वस्त खोलीसाठी आलेला एखादा सकाळच्या चौघड्याने जागा होतो, दीपमाळेपाशी घटकाभर उभा राहतो, आणि पुढल्या वर्षी आईला घेऊन येतो. असे किती होतात याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. दारू पिऊन आलेल्यांची मात्र ठेवली जाते.

खर्चाचे काय, असे शेवटी सारेच विचारतात. पाणी, वीज, धुलाई, झाडणारी माणसे, गळती, रंग, यांचा वर्षाचा हिशेब काढावा, खोल्यांच्या दिवसांनी भागावा आणि जे येईल तो दर बारा महिने ठेवावा. पावसाळ्यात कमी नको, नाताळात जास्त नको. त्यातूनही तूट आली तर ती महाजनांच्या वर्गणीतून भरावी. आपण उत्सवाच्या रोषणाईवर जे खर्च करतो त्याचा थोडा भाग इकडे वळविला तर देवी रुष्ट होईल असे मला वाटत नाही. अहिल्याबाईंनी नर्मदेकाठी महेश्वरी बसून दूरदूरच्या तीर्थांवर धर्मशाळा बांधल्या, त्यांतल्या एकीचाही हंगामी दर त्यांनी ठरविल्याचे मी वाचलेले नाही.

तेव्हा देवस्थानांच्या समित्यांकडे माझी मागणी एवढीच की येत्या नाताळापूर्वी सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि फाटकावर एक फलक लावावा. खोलीचा दर, मुक्कामाची मर्यादा, आवाराचे नियम, आज दारात येणाऱ्यांसाठी किती खोल्या शिल्लक आहेत तो आकडा. मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नड अशा चार भाषांत. फलक कचेरीच्या आत नको, बाहेर हवा. अक्षरे ठळक हवीत आणि वर एक दिवा हवा, कारण मडगावाहून फोंड्याला येणारी शेवटची बस पकडून जो येतो तो काळोखातच येतो.